आत्तींच्या माहेरी उतरायला मनाई

रिसॉर्टच्या खोलीत टेबलावर एक गुळगुळीत रंगीत पत्रक ठेवलेलं असतं. 'आमच्याकडे काय काय कराल' असा वर मथळा. पहाटे पक्षी बघा, उघड्या जीपमधून जंगल सफारी करा, सड्यावरून सूर्यास्त बघा, शेकोटीभोवती नाचा, आणि 'हरवलेल्या गावा'चा थरार अनुभवा. हे शेवटचं ठळक अक्षरात, शेजारी कवटीचं चित्र.

मी हे सगळं करून आले आहे. नाचले तेवढी नाही. तुमच्यातल्या पुष्कळांनी अजून केलेलं नसणार आणि येत्या सुट्टीत करायचा बेत चालू असणार, म्हणून घरी आल्याबरोबर लिहायला बसले. उद्यानाचं नाव मी घालणार नाही. घातलं तर फुकटची जाहिरात व्हायची, आणि जाहिरात करण्याइतका माझा चांगुलपणा सध्या शिल्लक नाही. मलकापूरच्या पुढं डोंगरात शिरलं की कुठंतरी ते आहे, एवढं पुरे.

मी कोल्हापुरातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. आमचे हे, सुहास, यांचं मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान आहे. सासू-सासरे कागलकडच्या गावात राहतात, ऊस आणि दोन म्हशी सांभाळून. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणतो. ह्या सगळ्या प्रवासाचं मूळ आत्तींमध्ये आहे, त्यामुळं आधी त्यांचं सांगते.

आत्तींचं माहेर करंजखोल. आता नकाशात शोधू नका, सापडणार नाही. डोंगरातल्या त्या गावावर आधी धरणाची नोटीस आली, मग जंगलाची आली, आणि ज्या वर्षी ह्यांचा जन्म झाला त्याच वर्षी गाव उठलं. लोकांनी आपली घरं आपल्या हातांनी उतरवली. आत्तींच्या भावानं दाराची चौकट आणि तुळया ट्रकात घालून जयसिंगपूरच्या बाजूला नेल्या, तिथं काळ्या रानात पत्र्याखाली त्याच चौकटीचं नवं घर उभं केलं. आजही त्या घरात शिरताना कपाळ आपटतं, कारण डोंगरातली दारं बुटकी असायची.

आता गावचा रिवाज असा की सासरी गेलेल्या लेकीनं पहिल्या बाळंतपणानंतर माहेरी यायचं आणि गावदेवीची, करंजाईची, ओटी आपल्या हातानं भरायची. ओटी भरली की देवी तिच्याच ओटीतले मूठभर तांदूळ लेकीच्या पदरात परत घालते, म्हणजे पुजारीण घालते. लेक माहेरून रिकामी जायची नाही, असं ते. आत्ती बाळंतीण होऊन उठेपर्यंत गावच उठलं. ओटी राहिली. चाळीस वर्षं राहिली.

घरात कुणाला ताप आला, म्हैस आटली, बोअरला पाणी लागलं नाही, की आत्ती हळूच म्हणणार, "माझी ओटी राहिलीया न्हवं." कुणाला दोष देत नाहीत, नुसतं म्हणतात. ऐकून ऐकून आमच्या काळजाला घरं पडली.

तुम्ही म्हणाल, मग इतक्या वर्षांत गेल्या का नाहीत? तेच तर. गावकऱ्यांना वर्षातून एकदा, जत्रेला, आत सोडतात. पण यादी असते. उठलेल्या घरांतल्या माणसांची यादी. आत्तींचे भाऊ त्यात आहेत, भावांच्या बायका आहेत, नातसुनासुद्धा आहेत, ज्यांनी करंजखोल कधी डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. लेकी नाहीत. लग्न होऊन गेल्या म्हणजे गावच्या राहिल्या नाहीत, असं कुणीतरी कुठल्यातरी खुर्चीत बसून ठरवलं आणि तेच पुढं चालू राहिलं. भाऊ म्हणाला, "अक्का, तुझी ओटी मी भरून येतो की." आत्ती म्हणाल्या, "दुसऱ्याच्या हातानं ओटी भरत न्हाईत." विषय संपला.

मग यंदा ह्यांनी मोबाइलवर त्या रिसॉर्टचं पान बघितलं. त्यात 'हरवलेलं गाव आणि जुनं मंदिर' असं लिहिलेलं, खाली फोटो. देवळापुढं पाच-सहा पोरंपोरी हात पसरून उभी. ह्यांनी फोटो मोठा करून आत्तींना दाखवला. आत्तींनी तो हातात घेतला आणि बराच वेळ बघितला.

"करंजाईच की ही," आत्ती म्हणाल्या. "ह्यो पार बघ. पाराला ही फट तवाची हाय."

ह्यांनी तिथल्या तिथं तिघांचं बुकिंग केलं. गावकरी म्हणून जाता येत नसेल तर पर्यटक म्हणून जाऊ, पैसे टाकले की कोण अडवतंय, असा ह्यांचा हिशेब. माझाही तोच होता, खोटं कशाला बोलू. त्या फोटोतली पोरं कुणाच्या परवानगीनं खाली उतरलीत, हे विचारायचं आम्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

मलकापूरपर्यंत

पहाटे निघालो. आत्ती मागच्या सीटवर, मांडीवर पिशवी. पिशवीत हिरवा खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी, बांगड्या, हळदीकुंकवाच्या पुड्या आणि फडक्यात बांधलेला पुरणपोळीचा निवद. पिशवी मी डिकीत ठेवू का विचारलं तर माझ्याकडं अशा बघितल्या की मी पुन्हा विचारलं नाही.

मलकापुरात चहाला थांबलो. हॉटेलवाल्यानं विचारलं, "कुठं निघालासा पावणं?" ह्यांनी उद्यानाचं नाव सांगितलं. तो म्हणाला, "वाघ बघाय?" आत्ती म्हणाल्या, "न्हाय, माहेरला." त्यानं कपातला चहा बशीत ओतता ओतता थांबून बघितलं आणि भज्यांचा एक घाणा आमच्या टेबलावर आणून ठेवली, न मागता. जातानाच्या प्रवासात पदरात काहीतरी बरं पडलं ते इथं.

रिसॉर्ट

रिसॉर्टविषयी थोडक्यात सांगते, नाहीतर लिहिता लिहिता माझाच रक्तदाब वाढायचा. दारात बैलगाडीचं चाक टांगलेलं, त्याला दिव्यांच्या माळा. आत गेल्यावर एका मुलीनं आम्हाला फेटे बांधायला आणले. आत्तींनी पदर घट्ट ओढून घेतला, तेव्हा तिनं नाद सोडला. दुपारी 'अस्सल ग्रामीण थाळी' आली. तांबड्या रश्शात साखर होती. कोल्हापूरपासून गाडीनं दोन-तीन तासांच्या अंतरावर तांबड्या रश्शात साखर घालणाऱ्या माणसाला शिक्षा काय असावी, ते तुम्हीच ठरवा. भाकरी पापडासारखी कडक. आत्तींनी एक घास खाल्ला आणि आचाऱ्याला बोलावून विचारलं, "बाबा, तुझं गाव कंचं?" तो उत्तरेकडचा होता, बिचाऱ्याला प्रश्नच कळला नाही.

संध्याकाळी सड्यावर सूर्यास्त. सडा म्हणजे डोंगराच्या माथ्यावरचं ते काळं, सपाट, खडकाळ पठार. एवढं मात्र खरं सांगते, सडा सुंदर आहे. वाळलेलं गवत सोनेरी झालेलं, खाली दरीत धुकं चढत होतं, आणि वारा असा की कानशिलं बधिर व्हावीत. मी वर्गात फळ्यावर पठार काढते त्यात हा वारा कधी येत नाही. आणि त्या पठाराच्या ऐन कडेला लोखंडी पाइपांचं लाल बदाम उभं केलेलं. त्यात उभं राहून फोटो काढायला रांग. सूर्याकडं पाठ करून सगळे उभे. आत्ती दगडावर बसून दरीकडं बघत होत्या. बोट दाखवून म्हणाल्या, "त्या दांडाच्या पल्याड. सकाळी तितं जायाचं."

त्या रात्री शेकोटी, गाणी, धिंगाणा. आम्ही खिडक्या लावून झोपलो.

गेट

सकाळी उघडी जीप. आम्ही तिघं, एक ड्रायव्हर, एक गाइड, आणि एक जोडपं. नवरा डोक्याला हिरवी टोपी घालून आलेला, गळ्यात तोफेएवढा कॅमेरा. बायको स्वभावानं बरी होती, पण त्या गृहस्थाला मी पुढं हिरवी टोपीच म्हणणार आहे, कारण दुसरं काही म्हणायला गेले तर ते छापण्यासारखं नसेल.

उद्यानाच्या गेटवर खाकी वर्दीतली एक बाई तपासणीला उभी होती. तिशी-पस्तिशीची, सावळी, वर्दीच्या कॉलरमधून मंगळसूत्राचे काळे मणी दिसत होते. तिनं आत्तींची पिशवी उघडली.

"मावशी, हे आत न्हाय न्यायचं."

"देवीची ओटी हाय बाई."

"व्हय, दिसतंय मला. पर खायाचं न्हाय चालत आत, काच न्हाय चालत, पिलाष्टिक न्हाय चालत. हितं ठेवायचं, जाताना घ्यायचं."

मी जीपमधून खाली उतरले. शाळेत चाळीस पोरांना गप्प करायचा आवाज लावून विचारलं, एका नारळानं तुमच्या जंगलाचं काय वाकडं होणार आहे? वाघाला पुरणपोळी बाधते का?

"वाघाचं न्हाय मॅडम, अस्वलाचं," ती म्हणाली. शांतपणे म्हणाली, म्हणून मला आणखी चीड आली. "जत्रेत राहिलेला नारळ हुंगत अस्वल पाराशी आलतं. मग त्येला माणसाच्या खाण्याची चटक लागती आन् मग त्ये वस्तीकडं उतरतंय. मग लोक त्येला मारत्यात."

तिचं बरोबर होतं. समोरच्याचं बरोबर असलं की माझा पारा जास्त चढतो. मी म्हटलं, मग आम्ही तिथं खाली उतरून, ओटी भरून, सगळं पुन्हा पिशवीत घालून परत आणू. चिमटीभर कुंकूसुद्धा ठेवणार नाही.

"पर खाली कसं उतरणार तुमी?" ती म्हणाली. "सफारीवाल्यांना जीपमदनं खाली पाय टाकाय मनाई हाय. गावकरी असल्यासा तर जत्रेला या, यादीत नाव घालून."

मी ह्यांच्याकडं बघितलं, ह्यांनी माझ्याकडं. त्या फोटोतली पोरं कुठून आली होती मग? "त्यो फोटू लई आदीचा आसल," गाइड जीपमधनंच म्हणाला. आम्ही दोघं शिकलेली, कमावती माणसं, आणि चाळीस वर्षांची एक ओटी आम्ही एका फोटोच्या भरवशावर उचलून आणली होती. मला जीपच्या टपावर डोकं आपटून घ्यावंसं वाटलं, पण जीपला टपही नव्हता.

पिशवी आत्तींनीच त्या बाईच्या हातात दिली. देताना एवढंच म्हणाल्या, "खाली भुईवर ठेवू नगं."

"न्हाय ठेवत," ती म्हणाली, आणि पिशवी आत नेऊन खुंटीला अडकवली. जीप निघाली.

गेट मागं पडल्याबरोबर मागच्या सीटवरून कुरकुर आवाज आला. हिरव्या टोपीनं जॅकेटच्या आतल्या खिशातून वेफर्सचं पाकीट काढलं होतं. माझ्यापुढंही धरलं. मी काय बोलले ते ह्यांना नीट आठवतं, मला आठवत नाही. एवढं खरं की पाकीट पुन्हा खिशात गेलं.

हरवलेलं गाव

जंगल आतून फार देखणं आहे. हे मी रागातसुद्धा कबूल करते, कारण त्या झाडांची काही चूक नाही. जांभळीच्या शेंड्यावरून एक शेकरू लांब शेपूट टाकून पलीकडच्या झाडावर गेलं. ओढ्याकाठी गवा उभा होता, काळाभोर, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखा, आणि आमच्याकडं बघत निवांत रवंथ करत होता. हिरव्या टोपीचा कॅमेरा थांबायला तयार नव्हता.

पुढं झाडी विरळ झाली आणि उतारावर पायऱ्यापायऱ्यांसारखं गवत दिसायला लागलं. गाइड म्हणाला, "हे इथलं नैसर्गिक कुरण. हरणांसाठी निसर्गानंच तयार केलेलं."

आत्ती मला म्हणाल्या, "भाताची खाचरं हाईत गं ही. ह्यो बांध माझ्या आज्यानं घातलेला."

त्या सरळ बसल्या होत्या. पदर सारखा केला, कुंकू नीट केलं. मग वाटेतला प्रत्येक दगड त्यांना ओळखीचा निघायला लागला. हितं पाणवठा. हितं आमी करवंदं खायाचो. ह्या आंब्याला झोका बांधायचो, माझा हात मोडला तो हितंच. मी सून होऊन त्यांच्या घरात आले त्याला सोळा वर्षं झाली, पण आत्ती कधी झोक्यावर बसल्या असतील हे माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं. ह्यांनी पुढच्या सीटवरून मान वळवली नाही, पण कान तांबडे झालेले मला दिसत होते.

वळण घेतलं आणि जीप थांबली. गवतात घरांची जोती, त्यांवर कारवी माजलेली. मधोमध पार, आणि पारावर बसकं, दगडी, शेवाळलेलं देऊळ. त्याच्यापुढं पाटी ठोकलेली: हरवलेलं गाव. खाली उतरण्यास सक्त मनाई.

गाइडनं आवाज खोल केला. "पाव्हणं, हे शापित गाव. फार वर्षांपूर्वी गावावर देवीचा कोप झाला. एका रात्रीत सगळी माणसं गाव सोडून गेली, चुलीवरचं अन्न तसंच टाकून. कुठं गेली कुणालाच ठाऊक नाही. अजूनही अमावास्येला इथं बायकांचा रडण्याचा आवाज येतो."

हिरवी टोपी व्हिडिओ काढत होती. "आवाजाचं परत एकदा सांगा ना," ती म्हणाली.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी बोलणारच होते, पण आत्ती आधी बोलल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता, कुतूहल होतं.

"दादा, तुला कुणी सांगितलं हे?"

गाइड गडबडला. तो काही वाईट माणूस नव्हता. "मावशी, आमाला असंच सांगाय सांगितलंय. लोकास्नी आवडतंय."

"लोक कुटं गेली ठावं न्हाय म्हणालास."

"व्हय."

"जयसिंगपूरच्या अंगाला गेली. माझा भाऊ हाय तितं. त्येला फोन लावून देऊ का?"

तो खाली बघायला लागला. मग मात्र मी सोडलं नाही. नोटिसा, ट्रक, तुळया, बुटकी चौकट, लेकी नसलेली यादी, सगळं एका दमात सांगितलं. म्हटलं, कुणाला कोप आला आणि कुणाचा शाप लागला ते कागदावर सही करणाऱ्यांना विचारा. करंजाईचं नाव त्यात गोवू नका. अन्न टाकून कुणी गेलं नाही इथनं, चुलीचे दगडसुद्धा उचलून नेले लोकांनी. आणि बायकांचा रडण्याचा आवाज ऐकायचा असेल तर अमावास्येपर्यंत थांबायची गरज नाही, आमच्या घरी या. ह्यांनी माझा दंड धरला होता, पण ओढला नाही.

मग हिरवी टोपी, डोळे चमकवत, म्हणते कशी, "म्हणजे ह्या आजी त्या शापित गावातल्या आहेत? वा. आजी, एक सेल्फी घेऊ या? मागं देऊळ येईल."

आणि खरोखर तो आत्तींच्या शेजारी सरकला आणि त्यानं मोबाइल वर धरला. त्याची बायको "अहो, राहू द्या ना" म्हणाली, तिचं नाव इथं मानानं घेतलं असतं, पण विचारायचं राहून गेलं. आत्ती हलल्या नाहीत. तोंड देवळाकडंच.

"आजी, इकडं बघा. मोबाइलकडं."

"देवीकडं पाठ करून बसत न्हाईत, बाबा," आत्ती म्हणाल्या.

त्यानं तसाच फोटो काढला. त्यात त्याचं हसरं तोंड आहे आणि आत्तींचा अंबाडा. तो आता कुठंकुठं फिरत असेल ते देवीलाच माहीत.

आत्तींनी जीपच्या लोखंडी दांडीवर डोकं टेकलं आणि हात जोडले. मी गाइडला म्हटलं, एकदा उतरू दे रे त्यांना, पाराला हात लावतील आणि येतील. तो रडकुंडीला आला. "ताई, जीपला यंत्र बसवलंय. कुटं किती थांबली, सगळं दिसतंय वर. माझं काम जातंय." ड्रायव्हरनं इंजिन चालू केलं. तेवढ्यात आत्ती पुटपुटल्या, "आलतो गं बया. हात रिकामं हाईत, राग धरू नगं." हे त्या देवीला म्हणाल्या. मी बाजूला बसून ऐकलं. नुसता संताप आला, आणि तो कुणावर काढावा हे कळेना.

परत गेट

येताना वाटेत 'निरीक्षण मनोरा' म्हणून एक ठिकाण लागतं. तिथं मात्र खाली उतरून चहा पिता येतो, पायऱ्या चढून धरणाचं पाणी बघता येतं. तिथं का चालतं आणि पाराशी का चालत नाही, हे मी विचारलं. मनोरा पर्यटकांसाठी आहे, असं उत्तर मिळालं.

गेटवर तीच खाकीतली बाई होती. तिनं खुंटीवरची पिशवी काढून आणली आणि आत्तींपुढं धरली. आत्तींनी हात पुढं केला नाही.

"देवीच्या नावानं बांधलेलं घराकडं माघारी न्यायाचं न्हाय," त्या म्हणाल्या.

बाई पिशवी धरून तशीच उभी. आता हिच्याशी नव्यानं भांडावं लागणार म्हणून मी कंबर कसली. आत्तींनी मला हातानंच थांबवलं.

"तू हितंच ऱ्हातीस व्हय गं?"

"व्हय. चौकीच्या मागं खोली हाय."

"आत जातीस?"

"गस्तीला जातो की. एक दिसाआड."

"देवळापास्नं?"

"पारावरच बसतो आमी पाणी प्याय," ती म्हणाली. मग जरा थांबून, "झाडून घेतो कदी कदी. पाला लई पडतोय."

आत्तींनी तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "मग तूच घे ओटी. तिच्या शिवंत आता बाईमाणूस म्हणून तूच हाईस."

"मावशी, ड्यूटीवर हाय मी. काय घेता येत न्हाय आमाला."

"मी तुला देतच न्हाय. तिला देतोय. तू नुसती धर."

त्या बाईनं चौकीकडं बघितलं. आत साहेब कुणाशीतरी फोनवर बोलत होते, पाठ इकडं. तिनं डोक्यावरची टोपी काढून बाकावर ठेवली. मग दोन्ही हात पुढं केले आणि एकदम ओशाळली. "मावशी, मला पदर न्हाय."

"शर्ट हाय की."

तिनं पट्ट्यात खोचलेला खाकी शर्ट ओढून बाहेर काढला, त्याची दोन टोकं धरून पुढं ओचा केला. आत्तींनी तिला हळदकुंकू लावलं. खण ठेवला, त्यावर नारळ, बांगड्या, हळकुंड, सुपारी, मग ओंजळीनं तांदूळ. खाकीत हिरवा खण फार उठून दिसत होता. ओठांतल्या ओठांत आत्ती काय म्हणाल्या ते कळलं नाही, पण त्यात ह्यांचं नाव होतं. हे जीपच्या चाकाशी उभे राहून, सगळ्यांसमोर, लहान पोरासारखे नाक पुसत होते. निवद राहिला होता, त्याची पोळी बाईनं फडक्यासकट बाजूला ठेवली. "ही मी घरात खातो. अस्वलाला न्हाय देत," ती म्हणाली आणि पहिल्यांदा हसली.

मग आत्ती आपला पदर पसरून तिच्यासमोर उभ्या राहिल्या. मला वाटलं, आता हिला काय कळणार. तिला कळलं. एका हातानं शर्टाची टोकं गोळा करून धरली, दुसऱ्या हातानं ओच्यातले मूठभर तांदूळ उचलले आणि आत्तींच्या पदरात घातले.

"माहेरला आलतासा," ती म्हणाली. "रिकामं जाऊ नगा."

आत्तींनी पदराला गाठ मारली. त्यानंतर कागल येईपर्यंत ती गाठ त्यांच्या मुठीत होती.

वाचणाऱ्यांना वाटेल की आता माझा राग निवला असेल. नाही निवला. त्या बाईशी मी नीट बोलले, तिचा हात हातात घेतला, कोल्हापूरला आलीस तर घरी ये म्हटलं, आणि ते मनापासून म्हटलं. पण एका बाईनं टोपी काढून, शर्ट ओढून, साहेबांची पाठ बघून जे केलं, ते करायला चाळीस वर्षांत एक साधा नियम कुणाला का सुचू नये? यादीत लेकींची नावं घालायला कितीशी शाई लागते? जंगल राखा, जरूर राखा, अस्वलं जगू देत. पण मनोऱ्यावर चहा विकता आणि पाराला हात लावू देत नाही, ह्याला जंगल राखणं म्हणत नाहीत. तेव्हा तुम्ही गेलात, आणि त्या वळणावर जीप थांबून शापाची गोष्ट सुरू झाली, तर कृपा करून एवढं एक करा: गावाचं नाव करंजखोल आहे, असं मोठ्यानं म्हणा. तिथं करण्यासारखं एवढंच आहे, आणि ते त्या पत्रकात छापलेलं नाही.

ते तांदूळ दुसऱ्या दिवशी आत्तींनी घरच्या तांदळांत मिसळले आणि भात लावला. आम्ही सगळे पानावर बसलो होतो तेवढ्यात ह्यांचा मोबाइल वाजला. रिसॉर्टवाल्यांचा निरोप होता: 'हरवलेल्या गावाचा थरार कसा वाटला?' खाली चांदण्या, पाहिजे तेवढ्या रंगवा.

"काय म्हणत्यात?" आत्तींनी वाढता वाढता विचारलं.

"गाव कसं वाटलं, विचारतात," हे म्हणाले.

आत्तींनी ह्यांच्या ताटात आणखी एक डाव भात घातला.

"सांग त्येनला, गाव हरवल्यालं न्हाय. हाय तितंच हाय. आमास्नी खाली उतरू देत न्हाईत."